आमची आठशे आणि तिची जपानी भावकी

आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला ठरलेले तीन आवाज होतात. पहिला दूधवाल्याच्या कॅनचा, दुसरा समोरच्यांच्या कुकरच्या शिटीचा आणि तिसरा माझा. "अहो, जरा हात लावता का?"

हात लावायचा असतो तो माझ्या मारुती ८०० ला. मॉडेल १९९५. आधीच सांगून टाकतो, दोष गाडीचा नाही. ती तीस वर्षं आमच्या घरी निमूट नांदली. दोष माझा. नवी बॅटरी 'पुढच्या पेन्शनला' आणायची, हे माझं गेली तीन वर्षं पक्कं ठरलेलं आहे. तोवर धक्का.

बाहेरचे लोक यवतमाळला आले की हवेचं कौतुक करतात. गाव पठारावर आहे, संध्याकाळी वारा सुटतो वगैरे. मी कौतुक करतो ते उतारांचं. कोणत्या दुकानासमोर किती उतार आहे, ते मला तोंडपाठ आहे. किराणा कुठून भरायचा, केस कुठे कापायचे, डॉक्टर कोणता, हे सगळं आमच्याकडे उतारावर ठरतं. दातांचे एक चांगले डॉक्टर केवळ दवाखाना सपाटीवर असल्यामुळे मला मुकले, आणि मी दोन दाढांना.

धक्का मारणारं मंडळही ठरलेलं आहे. जिमला जाणारा एक पोरगा येतो, फुकटचा व्यायाम म्हणून. पेपरवाला येतो, कारण गाडी हलल्याशिवाय त्याची सायकल पुढे जात नाही. आणि एक निवृत्त मंडळ अधिकारी येतात. ते गाडीला हात लावत नाहीत, नुसते "हं, सोडा क्लच आता!" असा हुकूम देतात. नोकरीभर त्यांनी एकच गोष्ट ढकलली, ती म्हणजे तारीख.

या दिनक्रमाला दिवाळीत वेगळं वळण लागलं. भाचा आला. तो पुण्याला मोटारींच्याच कुठल्याशा कारखान्यात आहे. पहाटे बसमधून उतरून दारात आला, बॅग ठेवायच्या आत मी त्याला गाडीमागे उभं केलं. धक्का मारता मारता तो एकदम थांबला, मागच्या काचेखालचं '८००' हे अक्षर बोटानं पुसलं आणि म्हणाला, "मामाजी, आठशे म्हणजे केवढं मोठं घराणं आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

गाडी सुरू होता होता बंद पडली, पण माझं लक्षच नव्हतं. सदतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आहे. 'घराणं' हा शब्द कानावर पडला की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

रात्री ओट्यावर बैठक बसली. भाच्यानं मोबाइलवर एक फोटो काढून पुढे धरला. लहानशी, उघड्या टपाची, दोन माणसांची लाल मोटार. गोल डोळ्यांची. आमच्या सौ. म्हणाल्या, "अगबाई, जत्रेतल्या पाळण्यातली आहे का?"

ती होती होंडा एस ८००. आणि मग भाच्यानं वंशावळ सांगायला घेतली.

या घराण्याचे मूळ पुरुष सोइचिरो होंडा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं त्यांनी सायकलींना जोडली आणि विकली. तिथून फटफट्या आल्या. फटफट्या जगभर गेल्या. मग त्यांना मोटारीची हौस आली. तेवढ्यात जपान सरकार नव्या कंपन्यांना मोटारी बनवायला मज्जाव करणारा कायदा आणणार, अशी कुणकुण लागली. होंडांनी ठरवलं, कायदा यायच्या आत मोटार रस्त्यावर पाहिजे. आपल्याकडे लेआउटचे नियम बदलणार म्हटल्यावर लोक रातोरात पायवे खोदतात, अगदी तसं. पुढे तो कायदा झालाच नाही, पण पाया भरून झाला होता.

१९६२ मध्ये एस ३६० नावाचं पिल्लू त्यांनी लोकांना दाखवलं. विकलं नाही. १९६३ च्या ऑक्टोबरात एस ५०० आली, इंजिन ५३१ सीसी. १९६४ ला एस ६००, इंजिन ६०६ सीसी. १९६६ ला एस ८००, इंजिन ७९१ सीसी.

"थांब," मी म्हणालो. "आपली किती?"

"७९६."

मी सौ.कडे पाहिलं. पाच सीसीनं का होईना, आमची मोठी होती.

"पण मामाजी, त्यांची ताकद सत्तर हॉर्सपॉवर. आपली चाळिसाच्या आत. त्यांची ताशी १६० किलोमीटर पळायची."

"कागदावर आपलीच मोठी ना? ठीक आहे. पुढे सांग."

पुढची गंमत ऐकून मात्र मी ओट्यावरून उठून उभा राहिलो. होंडानं विकलेलं पहिलं चारचाकी वाहन ही स्पोर्ट्स मोटार नव्हतीच. तिच्या दोन महिने आधी, १९६३ च्या ऑगस्टात, टी ३६० नावाचा छोटा मालवाहू ट्रक बाजारात आला. आणि त्याला बसवलं होतं ते याच घराण्याचं इंजिन, मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या मारणारं! म्हणजे भाजीची टोपली मंडईत न्यायची आणि आवाज मात्र शर्यतीचा. आमच्या वऱ्हाडात शंकरपटाची जोडी कापसाच्या बंडीला जुंपली, तर गावात जी चर्चा होईल ती जपानात झालीच असेल.

"म्हणजे आपली गाडी या घराण्यातली?" मी विचारलं.

"नाही ना मामाजी. ती होंडा. आपली सुझुकीकडची. काही नातं नाही."

मी हसलो. नातं नाही, असं म्हणणाऱ्या माणसानं लग्न जुळवताना वडीलधाऱ्यांना कधी पाहिलेलं नसतं. मी विचारलं, "होंडाची कंपनी निघाली कुठे?"

"हामामात्सूला."

"सुझुकीचं गाव?"

"तेही हामामात्सूच."

"मग? गाववाले म्हणजे भावकीच की!"

इतिहासाच्या मास्तराला एक धागा मिळाला की तो अख्खं लुगडं विणतो. मी पुढे खोदलं. सुझुकी मोटारींच्या आधी काय करायचे? भाचा म्हणाला, हातमाग-यंत्रमाग. १९०९ पासून. टोयोटाचं घराणं? तेही मागवालेच. मग मी घसा खाकरला.

आमच्या यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला नावाची रुळांची चिमुकली जोडी जाते. रुंदी अडीच फूट. इंग्रज कंपनीनं ही आगगाडी काढली ती आमच्या हवेसाठी नव्हे, कापसासाठी. आमचा कापूस शकुंतलेत बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, तिथून बोटीनं परदेशी. आणि त्या काळी जपान हिंदुस्थानचा कापूस किती घ्यायचा? मुबलक! म्हणजे कापूस आमचा, माग त्यांचे. त्या मागांच्या पैशातून पुढे त्यांच्या मोटारी. म्हणजे ही जी आपल्या दारात उभी आहे ती परकी नाहीच. आपल्याच कापसाच्या घरची लेक आहे.

"पुरावा?" भाचा म्हणाला.

"इतिहासात आधी अभिमान येतो. पुरावा मागाहून निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी हाक मारली ती वेगळ्या आवाजात. "मंडळी, जपानी घराण्याच्या स्पोर्ट्स मोटारीला हात लावायचाय." मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफाराची नोंद पाहावी तसं मला चष्म्याच्या वरून पाहिलं. धक्का मात्र रोजचाच लागला.

दत्त चौकातल्या टपरीवर मी ही वंशावळ आठवडाभर सांगत होतो. होंडाचं पुरतं सांगून झालं की टोयोटाची शाखा घ्यायचो. कारण तिकडेही एक आठशे आहे. टोयोटा स्पोर्ट्स ८००, साल १९६५, ७९० सीसी, दोनच सिलिंडर, वजन अवघं ५८० किलो, टप काढून डिकीत ठेवता येतो. जपानी लोक तिला लाडानं 'योताहाची' म्हणतात आणि होंडाच्या आठशेला 'एसुहाची'. हाची म्हणजे त्यांच्या भाषेत आठ. आमच्या भाषेत हाचि म्हणजे हाच, दुसरा नाही. मी म्हणालो, "पाहा, भाषेचंही नातं निघालं!"

टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता विचारलं, "सर, एव्हरेज काय देते?"

मला राग आला. मी शर्यतींच्या मोटारींबद्दल बोलतोय, आणि हा एव्हरेज विचारतो! संध्याकाळी भाच्याला फोनवर हा किस्सा सांगितला, तर तो हसून लोळायचाच बाकी राहिला. म्हणाला, "मामाजी, टपरीवाल्याचं बरोबर आहे. १९६६ साली जपानात सुझुकाला पाचशे किलोमीटरची शर्यत झाली. मोठ्या मोठ्या गाड्या पेट्रोल भरायला थांबल्या. ही टोयोटाची पिटुकली थांबलीच नाही. पहिली आली. दुसरीही तिचीच बहीण आली."

म्हणजे एव्हरेजवर शर्यत जिंकणारी स्पोर्ट्स मोटार! दुसऱ्या दिवशी मी टपरीवर जाऊन जाहीर माफी मागितली. टपरीवाला म्हणाला, "आता समजलं ना, ते आपलीच भावकी होय म्हणून?" तेव्हापासून तो माझ्या सिद्धांताचा पहिला अनुयायी झाला. उधारी मात्र त्यानं सोडली नाही.

दुसरा अनुयायी मिळवायला मी मिस्त्रीकडे गेलो. आमचा मिस्त्री बोलतो कमी, पान्याला पाना जास्त लावतो. त्याला मी सांगितलं की एस ५०० च्या मागच्या चाकांना ताकद चेननं जायची. दोन बाजूंना दोन चेन.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "चेन? म्हंजे फटफटीवानी?"

"हो."

"मंग असं सांगा ना सर, का त्या मान्सानं फटफटीले चार चाकं लावले."

साठ वर्षांच्या मोटारशास्त्राचा निकाल त्यानं एका वाक्यात लावला, आणि तो खोटा नव्हता. होंडांना फटफटीच येत होती. तिच्याच विद्येवर त्यांनी मोटार उभी केली. मग एकेक खोड काढत गेले. जोर कमी पडला, इंजिन वाढवलं. अजून कमी पडला, अजून वाढवलं. ८०० सुरुवातीला चेनवरच निघाली, पण थोड्याच दिवसांत ती चेनही गेली आणि चारचौघींसारखा दांडा आला. १९७० ला ते घराणं थांबलं. मध्ये एक बारकी पोर, 'बीट' नावाची, १९९१ साली येऊन गेली. मग १९९९ साली एकदम दोन हजार सीसीचा थोर पुरुष जन्मला, एस २०००. आणि २०१५ ला एस ६६०. नातू पुन्हा आजोबांच्या चणीचा.

"अन् कार्बोरेटर किती?" मिस्त्रीनं विचारलं.

"चार. प्रत्येक सिलिंडरला एक."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "सर, तुमचा एक साफ करता करता माझी दुपार जाते. चार असते तं मी गॅरेज बंद करून शेतीच केली असती." मी त्याला मोबाइलवर त्या इंजिनाचा आवाज ऐकवला. तो दोन पावलं मागे सरकला. "हे इंजन होय का गांधीलमाशीचं पोळं?"

इथवर सगळं तोंडी होतं. बिघडलं ते रंगामुळे.

भाच्यानं सहज सांगितलं होतं की जपानात त्या काळी मोटारीला लाल रंग द्यायला बंदी होती. लाल रंग आगीच्या बंबासारख्या सरकारी गाड्यांसाठी राखीव. होंडांना तर लालच मोटार हवी होती. ते वर्तमानपत्रातून भांडले, सरकारदरबारी खेटे घातले, आणि शेवटी परवानगी मिळवली. हे ऐकल्यापासून माझी पांढरी आठशे मला विधवेसारखी दिसायला लागली.

पुढच्या पेन्शनला मी बाहेर पडलो तो बॅटरी आणायलाच. सौ.नी पिशवीसुद्धा दिली होती. वाटेत पेंटरचं दुकान लागलं. उतारावर होतं. झालं!

मिस्त्रीनं बजावलं होतं, "सर, लाल नका लावू. आपल्याकडे लाल म्हंजे एसटी." मी ऐकलं नाही. तीन दिवसांनी गाडी घरी आली तेव्हा तिच्यावर बॅटरीचे, गॅसचे आणि भाचीच्या आहेराचे पैसे दोन हातांत चढलेले होते. मी आरसी बुकात रंग बदलून घेण्याचा अर्जही तयार ठेवला. गाडी पाहून सौ. एवढंच म्हणाल्या, "छान. आतापर्यंत पांढरी ढकलत होता, आता लाल ढकला."

दोन दिवसांनी संकष्टी आली. कळंबच्या चिंतामणीला जायचं ठरलं. सकाळी मंडळानं धक्का दिला, गाडी निघाली. माझा नियम साधा आहे: सपाटीवर इंजिन बंद करायचं नाही. देव आला तरी नाही. पण यवतमाळ मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, पांढराशुभ्र, वेचणीच्या बाया वाकलेल्या, आणि मध्ये माझी लाल मोटार. म्हटलं, होंडांनी हे पाहायला हवं होतं. ते नाहीत तर निदान भाच्यानं पाहावं. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, फोटो नीट यावा म्हणून किल्ली फिरवून इंजिनही बंद केलं.

फोटो उत्तम आला. मग सौ.च्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मला नियम आठवला.

चहूकडे सपाट. उतार औषधालाही नाही. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. एक आजीबाई काठी आत टाकून, पदर सावरून मागच्या सीटवर बसत होत्या.

"कळंबले जाते ना रे बाबू?"

"आजी, ही..."

"लहान काहाडली काय आता? बरं केलं. मोठी थांबतच नाही इथं." त्यांनी कमरेच्या बटव्यातून आधार कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "पंच्याहत्तर पार हाये मी. मले फुकट हाये."

आजींचा कायदा पक्का होता. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. सौ. खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. मी मास्तरकीला जागलो. म्हटलं, "आजी, ही एसटी नाही. ही जपानच्या घराण्यातली आहे."

"कुठच्या?"

"जपानच्या."

"नाही रे बाप्पा, तिकडं नाही जायचं मले. कळंबलेच जायचं हाये."

मी हात जोडले आणि खरं सांगून टाकलं. गाडी बंद आहे, बॅटरी नाही, धक्का मारल्याशिवाय निघायची नाही. आजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या उतरल्या, पदर खोचला, आणि शेताकडे तोंड करून अशी हाक घातली की झाडावरचे बगळे उडाले. "काऊन वं, ऐकू येते का? या इकडं साऱ्याजणी!"

वेचणीच्या पाच-सहा बाया आल्या. कमरेच्या ओट्या कापसानं तटतटलेल्या. त्या ओट्या सोडायच्या म्हणजे वेळ जाणार, म्हणून तशाच गाडीला टेकल्या. मी स्टिअरिंगवर. सौ. खाली उतरल्या, म्हणाल्या, "आज मीही लावते हात. बॅटरीचे पैसे रंगात गेले, ते कुठे गेले ते जवळून पाहते."

आजींनी हुकूम दिला. आमच्या मंडळ अधिकाऱ्यांपेक्षा खणखणीत. पहिल्या धक्क्याला गाडी हलली, दुसऱ्याला गुरगुरली, तिसऱ्याला सुरू झाली. मी आरशातून मागे पाहिलं. लाल पत्र्याला, डिकीला, '८००' या अक्षरांना, जिथे तिथे कापसाचे पांढरे पुंजके चिकटले होते.

मी काच खाली करून ओरडलो, "अहो, पाहिलंत का? कापसानंच चालवली की नाही गाडी? पुरावा निघाला!"

"आधी आम्हाला आत घ्या," सौ. धावत धावत म्हणाल्या.

गाडी थांबवायची सोय नव्हती. चालत्या गाडीत आधी आजी चढल्या, सराईतासारख्या, आणि मग त्यांनी हात देऊन सौ.ना आत ओढलं. कळंबपर्यंत मी त्या दोघींना हामामात्सूपासून मूर्तिजापूरपर्यंतचा सगळा इतिहास सांगितला. पाचशेची आठशे व्हायला होंडांना १९६३ ते १९६६ अशी फक्त तीन वर्षं लागली, हे सांगताना माझा आवाज भरून आला. सौ. म्हणाल्या, "तीनच? तेवढ्यात तर तुमची बॅटरी नाही आली."

आजी झोपल्या होत्या. मंदिराजवळ पोचलो तेव्हा जाग्या झाल्या. चिंतामणीचं स्थान खोलगट आहे, त्यामुळे तिकडे जाताना मी चाकांखालची जमीन न्याहाळत होतो. आजी उतरल्या, बोनेटला हात लावून नमस्कार केला, काठी टेकत चार पावलं गेल्या आणि वळून आल्या.

"बाबू, परतीची कितीले हाये?"

मी इंजिन चालूच ठेवून मान बाहेर काढली आणि म्हणालो, "आजी, उतार सापडला की निघते."